सडा वाळलेला होता

माझी आई पायरीवरून पडली आणि त्यातच गेली. बायकोने दारात ओला सडा घालून ठेवला होता, त्यावरून ती घसरली, असं आमच्या भावकीत आजही सांगतात. हे खरं नाही. मी तिथे होतो आणि मला ठाऊक होतं. बायको जिवंत होती तोवर मी ते कुणाला सांगितलं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही मंगळवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. पुढे शेणाने सारवलेलं लहानसं अंगण, त्यात तुळस आणि खोलीतून अंगणात उतरायला एक दगडी पायरी. मी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होतो. वडील गेल्यापासून आईची झोप गेली होती. ती उठून भांडी लावायची, वडिलांना हाका मारायची, मधेच कडी काढून अंगणात जाऊन बसायची. तिच्यापाठोपाठ कधी मी उठायचो, कधी बायको.

एकदा कामावर माझा डोळा लागला. शर्टाची बाही लेथच्या फिरत्या चकात ओढली गेली. जुना शर्ट होता, शिवण उसवली, म्हणून हात वाचला. मालकांनी मशीन बंद केलं आणि फाटकी बाही उचलून माझ्या हातात दिली.

"झोप घरात काढायची," ते म्हणाले. "हिथं हात गेला तर परत बसवायचा लेथ अजून निघाला न्हाय."

सगळे हसले, मीही हसलो. पण संध्याकाळी सरळ घरी गेलो नाही. पेठेतल्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मला परत खुर्चीत बसवलं. "अर्धीच द्यायची," ते म्हणाले. "आणि सकाळी त्यांना एकट्याने उठू द्यायचं नाही. गोळीचा अंमल उतरलेला नसतो, तोल जातो. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर अवघड असतं. घरात सगळ्यांना सांगून ठेवा."

घरात मी कुणालाच सांगितलं नाही. आईला इंग्रजी औषध म्हणजे अंगात आग वाटायची. गोळी दिसली असती तर तिने ती थुंकली असती. म्हणून मी अर्धी गोळी चुरडून तिच्या दुधात घालायचो, वर गुळाचा खडा. संध्याकाळी दुधाच्या कट्ट्यावर गवळी म्हशी उभ्या करून समोर धार काढून देत, ते दूध मी स्वतः आणायचो आणि स्वतःच तिला द्यायचो. बायकोला वाटायचं, ह्यांना आईची माया आली. तिला सांगितलं असतं तर तिने आईला चोरून काही देऊ दिलं नसतं, हे मला माहीत होतं. आई झोपू लागली. मीही झोपू लागलो. पुढे अर्धी पुरेना, तेव्हा डॉक्टरांना न विचारता मी पूर्ण देऊ लागलो.

चैत्रात जोतिबाच्या यात्रेला आक्का आली, म्हणजे माझी थोरली बहीण. तिला कुरुंदवाडला दिलेली. सासरची माणसंही बरोबर होती. आल्या आल्या ती म्हणाली, "आई वाळली की रं. हितं हुत न्हाई तर मी नेती तिकडं." हे तिने सासूच्या देखत म्हटलं. मला ते लागलं. पावण्यांच्या समोर आई उठून वडिलांना हाका मारत फिरली असती, तर आक्काचं म्हणणं खरं ठरलं असतं. त्या संध्याकाळी मी दुधात दोन गोळ्या घातल्या.

एरवी आई घरात सगळ्यांच्या आधी उठायची. त्या दिवशी ती उठलीच नाही. बायकोने पहाटे नळाचं पाणी भरलं, सडा घातला, रांगोळी काढली. पावण्यांचा चहा झाला. चैत्रातलं ऊन अंगणात चांगलं पसरलं होतं, तेव्हा कुठे आई उठली. उठल्यावर तुळशीला पाणी घातल्याशिवाय ती चहा घेत नसे. तिने तांब्या भरून घेतला आणि दाराकडे निघाली. मी आरशासमोर दाढी करत होतो. आरशात ती मला दिसली. भिंतीला हात लावून चालली होती. एरवी ती भिंतीला हात लावत नसे. डॉक्टरांचं बोलणं मला आठवलं, हेही खरं. पण तोंडाला साबण होता आणि आक्का शेजारीच बसली होती.

तांब्या दगडावर आपटला. मी अनवाणी धावलो. अंगणात पाय पडला तो कोरड्या सारवणावर. रांगोळीसुद्धा वाळून पांढरी झाली होती. आई पायरीखाली एका कुशीवर पडली होती आणि तांब्यातलं पाणी तिच्या लुगड्याखालून पायरीभर पसरत होतं.

माझ्या मागून आक्का आली. तिला दिसली ती ओली पायरी.

"सडा घातलाय का आड उपसलाय गं?" ती बायकोवर ओरडली. "म्हातारं माणूस घरात हाय, कळत न्हाय?"

"आक्का, सडा कवाच वाळला की. ह्ये पाणी तांब्यातलं हाय." बायको माझ्याकडे बघत होती. "अहो, सांगा की."

मी म्हणालो, "आधी तिला उचला."

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, काही औषध चालू आहे का? आक्का तिथेच उभी होती. मी नाही म्हणालो. खुब्याचं हाड मोडलं होतं. पायाला वजन बांधून आईला उताणी ठेवली. कूस बदलता येईना, पाठीला जखमा झाल्या. त्या बायको धुवायची. आई तिला म्हणायची, "पायाखाली भुईच न्हवती गं. पाय माझं न्हवतंच." बायको म्हणायची, "आसू दे आत्याबाई, बोलू नगा." मी ऐकायचो आणि बाहेर जाऊन उभा राहायचो. पावसाळा संपायच्या आत आई गेली. उरलेल्या गोळ्या मी वर्कशॉपच्या भट्टीत टाकल्या.

आईच्या दिवसांच्या वेळी आक्का चार बायकांत म्हणाली, हिच्या सड्यानं आई गेली. ते पसरलं. पुढे नेसरीला एका लग्नात बायको पाण्याची बादली घेऊन मांडवातून चालली होती, तर एक बाई म्हणाली, "पावणं, पाय बघून ठेवा. हिच्या हातात पाणी हाय." मांडव हसला. बायकोही हसली. मी पंगतीत होतो, पान वाढून झालं होतं. मी जेवलो.

त्यानंतर बायको सडा घातला की गुडघ्यावर बसून फडक्याने पायरी कोरडी करायची. रोज. आम्ही स्वतःचं घर बांधलं, फरशी घातली, तरीही. तिचे गुडघे गेले तेव्हाच ते थांबलं.

गेल्या वर्षी ती गेली. मी कुरुंदवाडला आक्काकडे गेलो. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. सून शेजारी होती. मी गोळ्यांचं सगळं सांगितलं. आक्काने सूप खाली ठेवलं नाही, पण हात थांबले.

"आन् सडा?"

"वाळलेला होता."

"मग तवा का गप्प बसलास? ती तुझ्याकडंच बघत हुती. मी बघितलंय."

मी सुपातला एक खडा उचलून ओसरीखाली टाकला.

"तिच्या दिवसालाबी मी त्येच बोलले," आक्का म्हणाली. "तू पिंडाजवळ हुतास. ऐकलंस." मग सुनेकडे वळून म्हणाली, "हिलाबी मी लगीन होऊन आल्यापासनं त्येच सांगत आले. पायरी पूस म्हणून."

सून खाली बघत होती. तिने हळूच विचारलं, "मामा, मामींनी कधी इचारलं न्हाय तुमास्नी?"

विचारलं होतं. तेही मी सांगितलं. आई जाऊन वर्ष झालं असेल. मी जेवत होतो. भाकरी वाढता वाढता तिने विचारलं, "तुमी धावत आला तवा अंगणात तुमचा पाय भिजला का हो?" ती भांडत नव्हती. तिला स्वतःलाच खात्री राहिली नव्हती. ती माझ्याकडून विचारून घेत होती.

"मग?" सून म्हणाली. "काय सांगितलं तुमी?"

"आठवत नाही म्हणालो."