गमजा दाबला तो मीच

"हायफिमा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला काही कळलं न्हाई. मग त्यांनी सोपं करून सांगितलं. मार लागून बुबुळापुढच्या पाण्यात रक्त साठतं, त्याला हायफिमा म्हणतात. माझ्या धाकट्या लेकीच्या, सुनंदाच्या, उजव्या डोळ्यात निम्म्यापर्यंत रक्त होतं. समोर धरलेली बोटं तिला मोजता येईनात.

सुनंदा विकेटकीपर आहे. औशात सराव करताना लेदरचा चेंडू उसळून डोळ्यावर बसला. घरी आली ती डोळा धरूनच.

तिची आई गेल्या साली गेली. पोरांच्या डोळ्याला लागलं की ती पदराचा बोळा करायची, तोंडाची ऊब द्यायची अन् डोळ्यावर दाबायची. मला तेवढंच ठाऊक. माझ्याजवळ पदर कुठला? खांद्यावरचा गमजा घेतला, फुंकला अन् चांगला दाबला. पोरगी कळवळली तरी दाबला.

लातूरला डॉक्टरीणबाईंना हे सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "काका, डोळा फुटलेला असता तर तुमच्या दाबण्यानं आतलं बाहेर आलं असतं. थोडक्यात वाचला."

म्हणून मी चौथी शिकलेला माणूस हे लिहून राहिलो. डोळ्याला मार लागला तर दाबू नका, चोळू नका, मनानं थेंब टाकू नका. डोळ्याला टेकणार न्हाई असं काहीतरी वरून झाका अन् तडक डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या.

सुनंदाला दवाखान्यातच ठेवून घेतलं. रोज डोळ्याचं प्रेशर, म्हणजे आतला दाब, मोजायचे. तो वाढला तर मागची नस मरते. पहिले पाच दिवस पुन्हा रक्त येण्याची भीती. वाकायचं न्हाई, डोकं उंच ठेवूनच निजायचं.

तिच्या आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी मी घडी घालून पाठीशी लावली. सुनंदा म्हणाली, "अप्पा, आईच धरून बसलीय की मला." मी उठून बाहेरच्या बाकड्यावर गेलो.

रक्त जरा जरा खाली बसत गेलं. आठव्या दिवशी तिनं भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ सोडून सगळं वाचलं. पुढं काही आठवड्यांनी खेळायची परवानगी मिळाली, पण पॉलिकार्बोनेटचा चष्मा घालून. म्हणजे चेंडू बसला तरी फुटत न्हाई असली काच. दाब मात्र दरसाल तपासायचा.

चष्मा घालून मैदानात उतरली त्या दिवशी मी कुंपणाशी उभा होतो. बॅटिंगला आलेली पोरगी खदखदली, "काय गं सुनंदे, वेल्डिंगला चाललीस का?"

"हाव. तुझ्या बॅटला लई मोठं भोक हाय, तेच बुजवते."

तिसऱ्या चेंडूला ती पोरगी पुढं सरसावली अन् चुकली. सुनंदानं चेंडू धरून बेल्स उडवल्या. उजवीकडून आलेला चेंडू, उजव्याच डोळ्यानं पाहिलेला.

"माझी लेक हाय ती!" मी ओरडलो. सगळ्या वळून बघायला लागल्या. बघू द्या.

मग गमज्यानं स्वतःचे डोळे पुसले. दाबले मात्र न्हाईत.