आमचा घटस्फोट आणि व्याह्यांचा समेट

वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा आमच्यात भांडण झालं नाही, ही आमची सगळ्यात मोठी गैरसोय. भांडण झालं असतं तर साताऱ्यात आणि सांगलीत लोकांच्या हाताला काहीतरी लागलं असतं. मी साताऱ्याची, नवरा सांगलीचा. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात भेटलो, लग्न केलं, नोकरीसाठी नेदरलँड्सला गेलो, तिथंच मुलगी झाली. काही वर्षांनी लक्षात आलं, की आपण एकमेकांचे उत्तम रूम पार्टनर आहोत आणि बाकी कुणीच नाही. किराणा कुणी आणायचा, मुलीला पोहायला कुणी न्यायचं, यापलीकडं आमचं बोलणं जाईना. मग तो पलीकडच्या गल्लीत भाड्यानं राहायला गेला. मिक्सर त्यानं नेला, कुकर मला ठेवला. मुलगी एक आठवडा इकडं, एक आठवडा तिकडं. हे वर्षभर बरं चाललं, तेव्हा कागदोपत्रीही मोकळं व्हायचं ठरवलं.

माझे वडील वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांची सगळी नोकरी फॉल्ट शोधण्यात गेली. त्यांनी व्हिडिओ कॉलवर एकेक शक्यता तपासली. मारतो का? नाही. पितो का? माझ्यापेक्षा कमी. दुसरी कुणी आहे का? नाही. मग तुला कुणी? मला झोपायलाच वेळ नाही, बाबा. जावयावर ओरडायची त्यांची पूर्ण तयारी झाली होती आणि ती वाया चालली होती. तिकडं सांगलीत सासूबाईंनी माझ्याबद्दल हीच चौकशी केली. फक्त सुरुवात स्वयंपाकापासून केली.

लग्न सांगलीत झालं होतं, त्यामुळं अर्जही तिथल्याच कोर्टात. विश्रामबागेत ऑफिस असलेल्या वकीलबाई मिळाल्या. त्यांच्याशी पहिल्यांदा बोलायचं होतं त्या दिवशी नवऱ्याचं वायफाय बंद पडलं, म्हणून तो माझ्याकडं आला आणि आम्ही एकाच टेबलावर शेजारी शेजारी बसलो. मधे मी त्याला चहा दिला. वकीलबाई चष्मा काढून बघत राहिल्या. पुढच्या वेळी कृपा करून वेगवेगळ्या खोल्यांत बसा, हे बरं दिसत नाही, असं त्यांनी सांगितलं. अर्जात मुलीच्या ‘ताब्या’बद्दल कलम होतं. ताबा हा शब्द मी तोवर फक्त फ्लॅटच्या बाबतीत ऐकला होता. ताबा दोघांचा, असं आम्ही लिहायला सांगितलं.

पहिल्या तारखेला आम्हाला रजा मिळेना. तेव्हा मुखत्यारपत्र करून माझ्या वतीनं वडील आणि नवऱ्याच्या वतीनं सासूबाई जातील असं ठरलं. सासऱ्यांना कोर्टाचे जिने झेपत नव्हते. पण आमच्या सगळ्या प्रकरणात खरं वैर होतं ते वडील आणि सासूबाईंत. आमच्या वरातीत डीजेची वायर सरळ रस्त्यावरच्या तारेवर टाकलेली वडिलांना दिसली. मुलीच्या लग्नात वीजचोरी चालणार नाही म्हणून त्यांनी ती भर वरातीत काढायला लावली. डीजे बंद, लाइटिंग बंद. नवरदेव मोबाइलच्या उजेडात घरी पोचला. तेव्हापासून सासूबाई त्यांच्याशी कामापुरतंही बोलत नव्हत्या.

कोर्टात समुपदेशक मॅडमनी दोघांना आत बोलावलं. पुढं काय झालं ते मला दोन्हीकडून कळलं, आणि आश्चर्य म्हणजे दोन्ही हकिगती जुळतात. मॅडम तरुण होत्या, नियमानं विचारत होत्या. समेटाची काही शक्यता आहे का, असं त्यांनी विचारलं. प्रश्न आमच्याबद्दल होता, पण सासूबाईंनी तो अंगावर घेतला.

“या माणसाशी? आवं, माझ्या पोराची वरात यांनी अंधारात काढली.”

वडिलांनी शांतपणे सांगितलं, की वाऱ्यानं ती वायर खाली आली असती तर वरातीतली चार माणसं गेली असती. नवरदेव तिच्याच खाली घोड्यावर होता. हे त्यांनी इतक्या वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं; मंगलकार्यात मरणाचं कसं बोलायचं, म्हणून वीजचोरीचं कारण पुढं केलं होतं. सासूबाई म्हणाल्या, “तवाच सांगायचं न्हाई व्हय?” मॅडमनी दोघांना पाणी दिलं आणि आमच्या अर्जाबद्दल विचारायचं जवळजवळ विसरूनच गेल्या.

त्या दिवशी वडील सासूबाईंकडं जेवून साताऱ्याला परतले. आम्हाला वाटलं, बरं झालं. पण मग दोघं मिळून आमच्या मागं लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीत नात इकडं आली पाहिजे, निम्मी सुट्टी सातारा, निम्मी सांगली, आणि हे कोर्टाच्या कागदावर पाहिजे. आम्ही आईबापांनी कधी मुलीवरून वाद घातला नव्हता. तो यांनी घातला, गणपतीचे दिवस कुणाकडं यावरून. त्या वर्षी गणपती सुट्टी संपल्यावर होते, हे कुणी लक्षात घेतलं नाही.

शेवटची तारीख व्हिडिओवर झाली. सांगलीत दुपार, आमच्याकडं सकाळ. आम्ही वकीलबाईंचं ऐकून आपापल्या घरात बसलो होतो. न्यायाधीशांनी विचारलं, कुणाच्या दबावाखाली तर नाही ना. नाही, म्हटलं. तेवढ्यात मुलगी दप्तर घेऊन माझ्यामागं उभी राहिलेली त्यांना दिसली. तू कुणाकडं राहतेस, असं त्यांनी तिला विचारलं.

“एक आठवडा आईकडं, एक आठवडा बाबाकडं,” ती म्हणाली. “पण मांजर सारखं आईकडंच असतं. ते बरोबर नाहीय.”

न्यायाधीशांनी पलीकडच्या चौकटीत नवऱ्याकडं बघितलं. मांजराला आपली हरकत नाही, असं त्यानं गंभीरपणे सांगितलं. मग आदेश वाचला गेला. विवाह संपुष्टात आला, हे वाक्य मी मराठीत ऐकलं. इतके दिवस सगळं हसण्यावारी नेलं होतं. ते एक वाक्य तसं नेता येईना. चौकटीत तो कॉलरशी चाळा करत होता. घाबरला की तो तसं करतो, हे त्या कोर्टात फक्त मला माहीत होतं. स्क्रीन बंद केली आणि मी रडले. मुलीला शाळेला उशीर होत होता, म्हणून थोडकंच.

त्या उन्हाळ्यात तिला घेऊन आम्ही दोघं आलो. साताऱ्यातला मुक्काम झाल्यावर तिला सांगलीकरांकडं सोपवायचं ठिकाण म्हणून व्याह्यांनी कराड ठरवलं होतं, हायवेवरचं एक हॉटेल. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. वडील आणि सासूबाई गाडीजवळ उभे राहून तिचं पथ्य, तिचे दात, तिचं मराठी यावर बोलत होते. ती साताऱ्यात राहून ‘लय भारी’ शिकली होती आणि सासूबाईंना, स्वतः तशाच बोलत असल्या तरी, ते फारसं पसंत नव्हतं. आम्ही दोघं बाजूला बॅगा धरून उभे. वेटर आला, आम्हा दोघांकडं खालीवर बघत म्हणाला, “फॅमिली हाय न्हवं? आत बसा, पंखा हाय.”

नाही म्हणून कोण समजावत बसणार. उकडतही होतं. आम्ही आत गेलो आणि सगळ्यांसाठी मिसळ सांगितली.