खारीची जागा

कुणी तिकिटं जमवतं, कुणी जुनी नाणी. माझ्याकडे राग जमतो. ऑफिसात डबा खाताना कुणीतरी सहज विचारतं, "काय मग, कुत्रीचं काय चाललंय?" आणि माझा घास हातातच राहतो. एक सांगायला घ्यावं तर त्याच्या मागून दुसरं येतं. डबा संपतो, राग संपत नाही. म्हणून आज सगळं एकदाचं सांगूनच टाकतो. फक्त मधेच "पण फ्लॅटमध्ये कुत्रा पाळायचाच कशाला?" असं विचारू नका. तो प्रश्न आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी येतो, गुड मॉर्निंगच्या फुलांसकट!

आम्ही खारघरला अकराव्या मजल्यावर राहतो. मी, बायको सुषमा, नववीतली तन्वी आणि माझी आई. आई साताऱ्याकडची. वडील मार्केटला कामाला, म्हणून लग्नानंतर वाशीला आली, त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली, पण बोलणं अजून तिकडचंच आहे. पाचवी खारी. नावड्याला माझ्या कंपनीच्या गेटबाहेर चहाची टपरी आहे, तिथल्या बाकड्याखाली जन्मलेली. रंग खारी बिस्किटाचा, म्हणून नाव खारी. तन्वीने माझ्या फोनमध्ये तिचा फोटो पाहिला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी खारी घरात!

*

आईला कुत्र्याचं वावडं नव्हतं. "पर कुत्रं अंगणात आसतंय," ती म्हणाली. "अकराव्या मजल्यावर अंगण कुठनं आणनार हाईस?"

याचं उत्तर खारीने पहिल्या तासाभरातच दिलं. हॉल अंगण, पॅसेज अंगण, आणि माझे ऑफिसचे बूट म्हणजे तर परसदारच!

सुषमाने ऑनलाइन शोधून एक ट्रेनर बोलावला. टी-शर्टवर पंजाचं चित्र, कमरेला बिस्किटांची पिशवी. खारीसमोर उकिडवा बसला आणि सुरू झाला, "खारी, गो पॉटी! कमॉन, गो पॉटी! गुड गर्ल!" प्रत्येक गुड गर्लमागे एक बिस्कीट. खारी मान तिरकी करून ऐकायची आणि बिस्कीट खायची. असं पाऊण तास.

आई कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. तिला राहवेना. "आरं बाबा, ती नावड्याची हाय. तिला मराठीत सांग की!"

ट्रेनरने माझ्याकडे पाहून फक्त "सर, फॅमिलीचा सपोर्ट लागतो" एवढंच म्हटलं. पिशवी रिकामी झाली तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की खारीने अजून काही केलेलंच नाही. तो "नेक्स्ट सेशनला बघू" म्हणून उठला. लिफ्टचा दरवाजा बंद झाल्याचा आवाज आला आणि खारीने हॉलच्या बरोबर मध्यभागी काम उरकलं. गुड गर्ल!

*

मग ते ट्रेनिंग पॅड आले. खाली अंथरायचे, कुत्रं त्यावर करतं म्हणे. पाकिटावर एक गोंडस परदेशी पिल्लू पॅडवर बसून हसत होतं.

खारीने पॅड हुंगला. दोन गोल चकरा मारल्या. आम्ही चौघं श्वास रोखून बघतोय! तिने पॅड तोंडात धरला, सोफ्याखाली नेला, नीट पसरला आणि त्यावर झोपली. जाग आल्यावर उठली, पॅडवरून खाली उतरली आणि शेजारी फरशीवर केलं.

"शानी हाय," आई म्हणाली. "आपल्या हातरुणात कोण करतंय?"

*

शेवटी आईनेच सूत्रं हातात घेतली. तिची पद्धत तीच, जिने मी शिकलो, माझी बहीण शिकली आणि तन्वी शिकली. ठरलेल्या वेळेला उचलायचं, ठरलेल्या जागी न्यायचं आणि तोंडाने "शूऽऽऽ" करायचं. खाली कंपाउंडच्या कडेला एक करंजाचं झाड आहे. आई दिवसातून चारदा खारीला घेऊन खाली जायची, झाडापाशी उभी राहायची आणि "शूऽऽऽ" करायची. येणारे-जाणारे बघायचे. आईला त्याचं काही नाही.

आठ दिवस! ट्रेनर नाही, पॅड नाही, नावड्याची पोर आठ दिवसांत शिकली! मला इतका अभिमान वाटला की मी ऑफिसात पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

नवव्या दिवशी सुषमाने डाळ-भाताचा कुकर लावला. पहिली शिट्टी झाली, "शूऽऽऽ!" आणि स्वयंपाकघराच्या दारात बसलेल्या खारीने आज्ञा पाळली.

दुसरी शिट्टी. पुन्हा आज्ञा! तिसऱ्या शिट्टीला बिचारीकडे काही शिल्लक नव्हतं, पण तिने प्रयत्न सोडला नाही.

तेव्हापासून आमच्या घरी आधी खारी खाली जाऊन येते, मग कुकर चढतो. पाहुणे भुकेले बसतात. त्यांना सांगायचं काय?

*

आता लिफ्टचं ऐका. अकरा मजले म्हणजे पिल्लाच्या दृष्टीने मुंबई-पुणे. त्यात सातव्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत, ते पाहुण्यांना निरोप देताना लिफ्टच्या दारात पाय घालून उभे राहतात. घरात दोन तास बसलेल्या पाहुण्यांशी यांना खरं बोलायचं असतं ते लिफ्टच्या दारात! "मग काकूंचं ऑपरेशन कधी? आणि दिनूचं जमलं का?"

त्या दिवशी दिनूचं जमत होतं आणि खारी माझ्या पायाशी गोल गोल फिरत होती. मी म्हटलं, "साहेब, जरा घाई आहे." ते म्हणाले, "एक मिनिट हो!" मी म्हटलं, "माझी नाही, हिची घाई आहे." त्यांनी खाली पाहिलं, पण उशीर झाला होता. जो पाय त्यांनी लिफ्टमध्ये घातला होता, नेमका तोच भिजला.

यात चूक कुणाची? तक्रार मात्र माझ्यावर! आमचे सेक्रेटरी साळवी नवव्या मजल्यावर राहतात. त्यांनी मला बोलावून घेतलं, समोर चेअरमन जनार्दनशेठ. हे मूळचे इथल्याच गावचे, आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन एके काळी त्यांच्या घरची. शेठ बिचारे म्हणत होते, "अरं, बारीक पोर हाय ती, शिकंल. कशाला वाढवतां?" पण साळवींनी "आज लिफ्ट, उद्या काय?" असा सूर लावला आणि माझं डोकं फिरलं.

"लिहून देतो!" मी ओरडलो. "परत लिफ्टमध्ये एक थेंब दिसला तर मी स्वतः हिला नावड्याला सोडून येईन!"

साळवींनी कागद पुढे केला. मी सही केली. कायद्याने असं कुणाला कुत्रं काढायला लावता येत नाही म्हणतात, पण सही मी माझ्या हाताने केली होती. घरी येऊन सांगितलं तर तन्वी खारीला घेऊन बेडरूममध्ये गेली आणि कडी लावली. आई फक्त एवढंच म्हणाली, "तुझं त्वांड लई पुढं पळतंय बाबा."

*

एवढ्याने साळवींचं समाधान झालं नाही. त्यांनी प्रत्येक झाडापाशी आणि खांबापाशी लाल पाण्याच्या बाटल्या ठेवायला लावल्या. लाल पाणी दिसलं की कुत्रं तिथे घाण करत नाही म्हणे! कुणी शोधून काढलं हे? कुठल्या कुत्र्याने यांना येऊन सांगितलं? खारीने करंजाखालची बाटली हुंगली, नाकाने आडवी केली आणि नेहमीच्या जागी नेहमीचं काम केलं.

साळवी म्हणाले, "बघा, काही फरक नाही!"

मी त्यांचा हात धरून त्यांना जिन्यात नेलं. आमच्या जिन्यात प्रत्येक वळणावर, कोपऱ्यात, खाली फरशीपासून वीतभर उंचीवर देवांच्या चित्रांच्या टाइल्स बसवल्या आहेत. गणपती, साईबाबा, मक्का, क्रॉस, सगळे एका ओळीत. का, ते तुम्हाला माहीत आहे. तरीसुद्धा टाइल सोडून बाजूला लाल पिचकाऱ्या आहेतच.

"साळवी," मी विचारलं, "या टाइल्स कुठल्या कुत्र्यासाठी लावल्यात?"

त्या दिवसापासून साळवी माझ्याशी ग्रुपवरच बोलतात.

*

आमच्याकडे हिराताई भांडी-धुणं, लादी, बाथरूम करायला येतात, इथल्या गावातल्याच आहेत. आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांची सहा घरं. एकदा मी घाईघाईने खारीला घेऊन निघालो तर लादी पुसता पुसता म्हणाल्या, "दादा, हिला दिसाला चार येला खाली नेतां. आमी सकालपासून सा घरां करतांव. आमाला कोन इचारतंय?"

सहा घरांत सहा दुणे बारा बाथरूम त्या घासतात, वापरायचं एकही नाही! आमच्याही घरात त्यांना कधी कुणी "वापरा" म्हटलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं आणि मला माझाच राग आला. सुषमाने त्याच दिवशी त्यांना पॅसेजमधलं दाखवलं.

पण खाली तळमजल्यावर सोसायटीचं बाथरूम आहे, त्याचं काय? ते बांधल्यापासून कुलपात! मी साळवींना ग्रुपवरच विचारलं. त्यांचं उत्तर आलं, "उघडं ठेवलं की बाहेरची माणसं घाण करतात. चावी माझ्याकडे आहे, कधीही येऊन मागा. मी नाही म्हटलंय का?"

कधीही मागा! तळमजल्यावर लागली की नवव्या मजल्यावर जायचं, चावी मागायची आणि परत खाली यायचं! आणि चावी कशी, तर कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून हातभर लांब प्लास्टिकच्या पाइपला बांधलेली. हातात पाइप घेऊन माणूस लिफ्टमध्ये शिरला की तो कुठे निघालाय ते अख्ख्या सोसायटीला कळलंच पाहिजे! वॉचमन रस्ता ओलांडून पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर जातो, पण पाइप आणायला जात नाही.

मी ठरवलं की हा विषय मीटिंगमध्ये काढायचाच. मग ऑफिसचं ऑडिट आलं आणि राहून गेलं. राग जमवण्यात मी हुशार आहे, पुढचं काम राहून जातं.

*

आता शेवटचं.

एका शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. लिफ्टमधलं ओलं. खाली साळवी: "संध्याकाळी सहाच्या सुमारास खारी लिफ्टमध्ये होती. सभासदांनी उद्याच्या सभेत लेखी हमीची आठवण ठेवावी."

आईने सहालाच खारीला फिरवून आणलं होतं. मी विचारलं तर आंघोळीला जाता जाता म्हणाली, "झाडाखाली केलं की तिनं." बस्स! माझं रक्त उसळलं. तन्वी रात्रभर खारीला कुशीत घेऊन झोपली आणि मी सभेचं भाषण तयार केलं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा. आई पण आली, खारीला घेऊन मागच्या रांगेत बसली. साळवींनी माझा सहीचा कागद वाचून दाखवला. सातव्या मजल्याचे गृहस्थ मान हलवत होते.

मी उठलो. लाल बाटल्या, टाइल्स, लिफ्टमधला पाय, सगळं काढलं. लोक हसायला लागले. जनार्दनशेठही हसत होते. मला चेव आला.

"आणि खारीने केलंच नाही!" मी म्हटलं. "तिला जागा माहीत आहे. ज्याने केलं त्याला इथे सगळ्यांसमोर उभा करा! लिफ्टमध्ये कॅमेरा आहे ना? लावा फुटेज!"

मागून कुणीतरी माझा शर्ट ओढला. आई उठून माझ्यामागे आली होती. "राहू दे रं," ती हळूच म्हणाली.

"का राहू दे? आज होऊनच जाऊ दे! साळवी, लावा! मोठ्या स्क्रीनवर लावा!"

साळवींनी लॅपटॉप उघडला. सगळे पुढे सरकले. आईने पुन्हा शर्ट ओढला आणि मी तिचा हात झटकला. होय, झटकला.

तेव्हा आई माझ्या पुढे आली. डोक्यावरचा पदर नीट केला.

"लावू नगा त्ये," ती म्हणाली. "खारीनं न्हाई केलं. मी केलं."

सातव्या मजल्याचे गृहस्थ खाली बघायला लागले.

"डाक्टरनं म्हैन्याभरापास्नं पान्याची गोळी दिलीया, सारखी लागती. खाली गेल्यावर लागली. खालचं कुलपात. म्हनलं घर गाठू, तर सातव्याला लिफ्ट धरलेली." ती थांबली. खारी तिच्या पायाशी येऊन बसली होती. आईने साळवींकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, तो सगळा माझ्याकडेच होता.

"हिला झाड दावलं, ही आठ दिसांत शिकली. मला बी जागा दावा, सायेब. मी बी शिकीन."