आडांच्या वाटेवरचे अण्णा

बिदरपासून गुलबर्ग्यापर्यंत जेवढे म्हणून आड आहेत, त्या सगळ्यांचं पाणी चाखलेला माणूस या जगात एकच होऊन गेला, आणि तो आमच्या कचेरीत नकाशे काढायला होता. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. सायकलच्या कॅरिअरला दोराची गुंडाळी आणि लहानसा पोहरा, हँडलला पितळी तांब्या, आणि ऐन उन्हातही गळ्यात मफलर असा त्यांचा थाट. रस्त्यात आड दिसला की उतरायचं, पाणी शेंदायचं, पहिला घोट डोळे मिटून तोंडात घोळवायचा आणि निकाल द्यायचा: ‘गोडं’, ‘मचूळ’, नाहीतर ‘ह्यात डाळ शिजायची न्हाई.’ तहानेशी याचा काही संबंध नसे. शंभर पावलांवर दुसरा आड आला तरी ते पुन्हा उतरत. सायकलशी ते चढावर कन्नडात बोलत, उतारावर दखनीत, आणि चेन पडली की मराठीत. ते मराठी इथं लिहिता येणार नाही. म्हैस आडवी आली तर घंटी न वाजवता थांबायचे आणि म्हणायचे, ‘अक्का, जरा सरका.’

सत्तरच्या आसपासची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं, म्हणजे अण्णा, मी, टायपिस्ट आणि स्टोअरकीपर, सायकलींवर गुलबर्ग्याला निघालो. हुमनाबाद, राजेश्वर, कल्याण, कोहिनूर, आळंद असा चार दिवसांचा बेत. नकाशा अर्थातच अण्णांचा. त्यात मैलाचे दगड नव्हते की मुक्काम नव्हते. होते नुसते आड, आणि ते गाठण्यासाठी रस्ता नागासारखा वळवळत गेलेला. ‘अण्णा, सरळ गेलो तर दोन दिवसांत पोचू की,’ टायपिस्ट कुरकुरला. ‘पोचून काय करणार हायस?’ अण्णा म्हणाले.

राजेश्वरच्या आडावर त्यांनी डाळीचा निकाल दिला, तशी पाणी भरणारी एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘वीस वरसं झाली शिजवायलोत की ओ अण्णा!’ अण्णांना ते पटेना. बाई म्हणाली, घरी या आणि खाऊन बघा. तिच्या घरी, उंबऱ्यापाशीच, अण्णांनी आधी सांगितलं, ‘आम्ही बौद्ध हाव. चालंल ना?’ हे ते सगळीकडे, कुणी विचारायच्या आधी, पत्ता सांगावा तसं सांगत. बाई जरा थबकली. मग म्हणाली, ‘बसा ओसरीवर.’ आम्ही चौघंही ओसरीवर जेवलो. अण्णांनी तीन वाट्या डाळ ओरपली आणि हार कबूल केली.

कल्याणच्या अलीकडे भाकरी खाताना मी त्यांना सहज विचारलं, ‘अण्णा, हे पाण्याचं खूळ कुठून लागलं तुम्हाला?’ ते हसले. म्हणाले, ‘अरे, माझी आय घागर घिऊन आडापासून लांब बसायची. कोणी वरून वतलं तर पाणी. ल्हानपणी आम्ही पाणी पीत नव्हतो, पाण्याची वाट बघत होतो.’ एवढं बोलून त्यांनी चटणी मागितली.

तिसऱ्या दिवशी दुपारी, कोहिनूर सोडून आळंदकडे जाताना, एका गावात शिरलो. गावाचं नाव लिहीत नाही. आडाच्या कठड्याला टेकून एक म्हातारा बसला होता. अण्णा दोर सोडू लागले. म्हाताऱ्यानं मला विचारलं, ‘कुठले पाव्हणे? कोणापैकी?’ मी गाव सांगितलं, जात सांगितली. त्यानं अण्णांकडे काठी केली. ‘आन हे?’

अण्णांचं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, ‘हे माझे थोरले भाऊ.’

अण्णांनी पोहरा वर घेतला. आमच्या तिघांचे तांबे भरले. स्वतः प्याले नाहीत. मग म्हाताऱ्याजवळ जाऊन म्हणाले, ‘आजोबा, मी ह्याचा भाऊ न्हाई. आम्ही बौद्ध हाव. पाणी मीच शेंदलंय.’ म्हातारा उठला आणि काठी टेकत गावात निघून गेला.

टायपिस्टनं सायकल वळवली. ‘चला, चला लवकर.’ अण्णा कठड्यावर बसले. ‘कामून पळायचं? यिऊ दे कोण येतंय ते.’ अर्धा तास आम्ही तिथं होतो. माझा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. कोणी आलं नाही.

‘बघितलास?’ अण्णा मला म्हणाले. ‘म्हाताऱ्यानं नुसतं इचारलं. भ्यालास तू.’

‘अण्णा, तुमच्यासाठीच म्हणालो मी. प्रेमानं म्हणालो.’

‘व्हय. मला भाऊ करून घेतलास. माझ्या आयला कुठं ठिवलास?’

त्यांनी दोर गुंडाळला, सायकल उलटी फिरवली आणि एकटेच बिदरच्या रस्त्याला लागले. मागं जावं असं मनात येऊनही मी हललो नाही. आम्ही तिघं गुलबर्ग्याला पोचलो, पण तिथं काय पाहिलं ते मला आज आठवत नाही.

पुढं दहा-बारा वर्षं आम्ही एकाच खोलीत, समोरासमोर काम केलं. अण्णा कधी रागावले नाहीत, तुटक वागले नाहीत. फक्त मला ‘तू’ म्हणायचे ते ‘तुम्ही’ म्हणू लागले. माफी मागायचं मी रोज ठरवलं. ते निवृत्त झाले, मग माझी बदली झाली, आणि एक दिवस ते गेल्याची चिठ्ठी आली.

येतोय असं कळवून चार दिवसांनी मी बिदरला त्यांच्या घरी गेलो. त्यांचा मुलगा बिदरजवळच्याच कोळारच्या एका कारखान्यात नोकरीला लागला होता. त्यानं आत बसवलं, शेजारच्यांना सांगितलं, ‘बाबांचे सगळ्यात जवळचे दोस्त हे.’ मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘काका, सहलीचं लई सांगायचे बाबा. पोट दुखायलं म्हणून ते माघारी आले, तवा तुम्ही सहल सोडून संगं यायला निघालताव म्हणे. त्यांनीच यिऊ दिलं न्हाई.’

वहिनी चहा टाकायला आत गेल्या होत्या, शेजारीही उठले होते. मी त्या पोराला सगळं सांगितलं. आड, म्हातारा, माझं वाक्य, त्यांचं वाक्य. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो.

आतून कपबश्या वाजल्या तसा तो हळूच म्हणाला, ‘काका, आईला नका सांगू. तुम्ही येणार म्हणून सकाळधरनं वाट बघायलीय ती.’