फौजी अण्णांनी अडवलेला रिपोर्ट

फौजी अण्णा रोज सकाळी स्वतःलाच व्हायरस पाठवत. खरा नव्हे, पहारा जागा आहे का ते बघण्यासाठी बनवलेली एक निरुपद्रवी फाइल. ती अडली, की मगच चहा. सांगलीतल्या आमच्या दवाखान्यात मी केसपेपरच्या खिडकीवर असते आणि अण्णा शेजारच्या खोलीत मेल सर्व्हर सांभाळत. माणूस जतकडचा, मेंढपाळाच्या घरातला, सैन्यात सिग्नलमध्ये नोकरी करून आलेला.

नव्या वस्तूवर त्यांचा विश्वास म्हणून नसे. चप्पल घेतानासुद्धा दुकानात इतक्या फेऱ्या मारत, की दुकानदारच दमून बसे. व्हायरस ओळखायच्या नव्या खुणा बाहेरचे लोक तयार करून पाठवत; त्या अँटिव्हायरसला जोडायच्या, तर यांचा सोहळा ठरलेला. आधी तो खोटा व्हायरस सोडायचा आणि मग जुन्या, चांगल्या मेल पुन्हा त्याच वाटेने न्यायच्या. हे दुसरं कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "कुत्रं लांडग्याला धरतंय, एवढं बघून भागत न्हाई ताई. आपल्या कोकराला सोडतंय का, त्येबी बघाय लागतं." आणि पुन्हा कामाला लागले.

एकदा मात्र गडी चुकला. गावातल्याच एका दवाखान्याची सगळी कॉम्प्युटरं व्हायरसने बंद पाडली आणि आमच्या साहेबांचं धाबं दणाणलं. नव्या खुणा आजच बसवा म्हणून ते अण्णांच्या मागे लागले. अण्णांनी बसवल्या, खोटा व्हायरस अडलेला पाहिला आणि चांगल्या मेलचं उद्या बघू म्हणून सोडून दिलं.

त्याच दिवशी जत तालुक्यातली, घरी कानडी बोलणारी एक बाई माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून होती. तिच्या गाठीचा रिपोर्ट पुण्याच्या लॅबकडून मेलने यायचा होता आणि ऑपरेशन त्यावरच ठरणार होतं. डॉक्टर सारखे विचारत होते, लॅबवाले म्हणत होते, कधीच पाठवलाय. शेवटी अण्णांनी अडवलेल्या मेल उघडल्या. रिपोर्ट त्यातच होता. नव्या खुणेने त्यालाच व्हायरस ठरवलं होतं.

लॅबने उशीर केला, असं म्हटलं असतं तर कुणी खोलात गेलं नसतं. तसा सल्लाही त्यांना मिळाला. अण्णांनी आधी रिपोर्ट डॉक्टरांना नेऊन दिला, मग ती खूण काढून टाकली. नंतर बाकापाशी जाऊन त्या बाईसमोर उकिडवे बसले आणि तिच्या कानडीत म्हणाले, की तुम्हाला ताटकळावं लागलं ते माझ्या चुकीमुळे. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं आणि नीट पार पडलं.

पुढे तपासणीला आली, की ती आधी अण्णांच्या खोलीत डोकावून जाई. दोघं कानडीत पाऊसपाण्याचं बोलत बसत.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा वारले. परवा ती आली, त्यांच्या खुर्चीवर दुसराच माणूस बघून माझ्याकडे वळली. सांगणं भाग होतं. तिने खिडकीचा गज धरला.

"चूक माजी हाय आसं सांगाय माज्याकडं त्यो एकलाच आला हुता, ताई," ती म्हणाली. "घरातलंबी कोन कवा आलं न्हाई."