आत्या बोलायला लागली तेव्हा

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. आमच्या रत्नागिरीच्या महिला मंडळात कुणीतरी मुंबईहून एका माहितीपटाची सीडी आणली. लढाईत जपानी सैन्यानं कोंडून ठेवलेली, रोज शिपायांच्या पुढ्यात टाकलेली एक परदेशी बाई म्हातारपणी कोर्टात न्याय मागते, असा विषय. बोलणं तिच्या भाषेत, खाली इंग्रजी अक्षरं. ती वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवायची. मला कोण मिजास!

सोबत माझी आत्याही आली. पंचाहत्तरीची, बिनलग्नाची, आमच्याकडेच राहणारी. आजोबा रंगूनला बंदरात नोकरीला होते. जपानी आले तेव्हाच्या पळापळीत सोळा वर्षांची आत्या मागे राहिली आणि लढाई संपल्यावर एकटीच परत आली. मधली वर्षं ती मिशनच्या बायकांकडे होती, असं घरात सांगत. झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही कधी विचारलं नाही.

शाळेच्या वर्गात खिडक्यांना चादरी लावून आम्ही वीसेक जणी बसलो. मी भराभर सांगत होते. नको तो भाग आला की मात्र 'अत्याचार झाले' एवढ्यावर भागवत होते. मग त्या बाईनं, शिपाई दाराबाहेरून काय ओरडायचे ते त्यांच्याच भाषेत म्हणून दाखवलं. खाली अक्षरं उमटायच्या आत आत्या म्हणाली, "लवकर आटप, म्हणायचे. बाहेर रांग असायची ना गो."

अध्यक्षीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. आत्या टीव्हीकडेच बघत होती. "आमच्यात एक बारा वर्षांची होती," ती म्हणाली. "तिला एकदा..."

"आत्ये, चल घरी. तुला बरं वाटत नाहीये," असं म्हणून मी तिला दंडाला धरून उठवलं. तिला काहीएक झालं नव्हतं. लाज मला वाटली होती. लोक काय म्हणतील याची, दुसरं काय.

रिक्षात तिनं एवढंच विचारलं, "त्या बाईला मिळाला न्याय?"

सीडीच्या पाकिटावर मी वाचलं होतं. "नाही. कोर्टानं दावा फेटाळला."

"हं," म्हणाली आणि रस्त्याकडे बघत बसली.

आठवडाभर मी तळमळले. शेवटी, ती अंगणात आमसुलं वाळत घालत होती तिथे जाऊन बसले.

"आत्ये, त्या मुलीचं काय झालं?"

"कुठल्या?"

"बारा वर्षांच्या."

तिनं सूप खाली ठेवलं नाही. "तुझा काहीतरी घोटाळा होतोय. मी मिशनच्या बायकांकडे होत्ये," म्हणाली.

पुढे मी चारदा विचारलं, रडले, पाया पडले. चारही वेळा तेच उत्तर. तीन वर्षांनी ती गेली. त्या पोरीचं काय झालं ते सांगणारं कदाचित जगात एकच माणूस उरलं होतं. ते आपणहून सांगायला लागलं होतं, आणि मी ऐकलं नाही.