शेवटच्या कडव्यावरची जाहिरात

शहागड फाट्यावर अंगदचं दुकान आहे. आता तिथं मोबाइलची कव्हरं टांगलेली दिसतात, चार्जर दिसतात आणि काचेमागं पेंगुळलेला अंगद दिसतो. पण एक काळ असा होता, की सोलापूरकडं निघालेला ट्रक या दुकानापाशी थांबल्याशिवाय गोदावरीचा पूल ओलांडत नव्हता. उगाच सांगत नाही, फाट्यावरच्या कोणालाही विचारा.

ड्रायव्हर खाली उतरायचा, खिशातून नखाएवढं मेमरी कार्ड काढायचा आणि काउंटरवर ठेवून म्हणायचा, "अंगदभाऊ, नवीन काही टाक." बस, एवढंच. कोणतं, कोणाचं, काही बोलायचं नाही. सलूनमध्ये मान न्हाव्याच्या हातात द्यावी तसे हे लोक आपले कान अंगदच्या हातात देऊन समोर चहा प्यायला जायचे. अंगद माणूस बघून गाणी भरायचा. घरून निघून किती दिवस झाले, डोळे किती तांबारलेत, नवीन लग्न झालंय का, हे त्याला तोंडाकडं बघूनच कळायचं. मग ओळखीच्या गाण्यांच्या मधी तो हळूच एखादं अनोळखी ढकलायचा. परतीच्या फेरीला तोच ड्रायव्हर गाडीतून ओरडत यायचा, "ते कोणाचं होतं हो भाऊ? पार येड लावलं!" तेव्हा अंगदची कॉलर अशी काही ताठ व्हायची की बायको सुरेखा म्हणायची, "गाणं म्हणलं दुसऱ्यानं आणि छाती फुगली तुमची."

आता जिथं कान तिथं दुकानदार येणारच. पहिल्यांदा ढाबेवाला आला, मग पंक्चरवाला आला. "गाण्याच्या आधी माझं नाव घे की जरा." अंगदचा आवाज भरदार. तो माइकसमोर बसायचा आणि "थांबा मंडळी!" अशी हाळी देऊन जाहिरात म्हणायचा. ड्रायव्हर खरंच थांबायचे हो. हसत हसत थांबायचे, पण त्याच ढाब्यावर थांबायचे. ही बातमी जालन्यापर्यंत गेली आणि बियाण्यांचे व्यापारी मूलचंद शेठ स्वतः गाडी करून फाट्यावर आले. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घराणं, पण शेठ मराठी असं बोलायचे की शेतकऱ्यानं मान डोलवावी. त्यांनी अंगदच्या वर्षभराच्या जाहिराती एकट्यानं घेतल्या. दुकान त्यांच्या जिवावर चालायला लागलं, हे खोटं कशाला बोला.

त्याच दिवसांत झुंबरमावशी दुकानात आली.

झुंबरबाई जवळच्याच वस्तीवर राहायची. कापूस वेचायला जायची आणि वेचता वेचता गाणी जोडायची. नवरा गेलेला, एकुलती एक लेक वंदना बदनापूरला दिलेली. बाजाराच्या दिवशी ती मिरच्या घेऊन फाट्यावर बसली होती आणि आपल्याच नादात गुणगुणत होती. अंगदनं ऐकलं आणि हातातलं काम टाकून तो तिला दुकानात घेऊन आला. पंखा बंद केला, शटर अर्धं ओढलं, स्टुलावर बसवलं.

"म्हण मावशी."

"काय म्हणू रे? लाज वाटून राह्यली मला."

"आत्ता मिरच्यांपाशी म्हणून राह्यली होतीस तेच."

आणि ती म्हणायला लागली. "काळ्या रानामंदी बाई, पांढरं चांदणं, येचता येचता सरंना, माझं येचणं..." अंगदच्या अंगावर काटा आला. साधा पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा आवाज, पण आतून ओला. एकेक कडवं ती सावकाश म्हणत गेली. शेवटचं कडवं मात्र तिनं तिथंच, त्या स्टुलावर बसून जोडलं. जरा थांबली, छताकडं बघितलं, आणि त्या कडव्यात लेकीचं नाव घेतलं. म्हणून झाल्यावर पदरानं डोळे पुसले.

"वंदीला सांगन मी," ती म्हणाली, "तुझं नाव घातलंय म्हणून गाण्यात. तिला वाटतंय आईनं मला लांब ढकलून दिली अन् विसरली. तोंडानं बोलाया जमत न्हाई मला. ऐकव बरं का तिला, लेकरा."

"तिलाच काय मावशी, साऱ्या मुलखाला ऐकवतो," अंगद म्हणाला. आणि त्याक्षणी ते अगदी मनापासून म्हणाला.

झालं असं, की मूलचंद शेठनी ते गाणं ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "अंगद, हे चालणार. याच्यावर माझं नाव टाक. पण सुरुवातीला नको. सुरुवातीला माणूस बिडी पेटवत असतो. शेवटी टाक. शेवटच्या कडव्याला जिथं बाईचा गळा भरून येतो ना, तिथं माणूस बिलकुल हलत नाही. तिथं पाहिजे मला."

व्यापाऱ्याचं डोकं बघा. नेमकी जागा हेरली.

अंगदनं त्या कडव्यावर आपली जाहिरात चढवली. "थांबा मंडळी! बियाणं घ्यायचं तर मूलचंद शेठचं दुकान, जालना! अन् गाणं भरायचं तर अंगद म्युझिक, शहागड फाटा!" शेठनी ऐकून मान हलवली. "खालून बाईचा आवाज येऊन राह्यला. माझं नाव साफ पाहिजे." मग अंगदनं तेवढ्या जागेत खालचा आवाज पार बंद केला. गाणं चालू, मग जाहिरात, मग शेवटी पुन्हा धृपद. आणि धंद्याची रीत म्हणून बिनजाहिरातीचं कोरं गाणं कॉम्प्युटरवरून पुसून टाकलं. सगळे गाणेवाले तेच करायचे. कोरी प्रत राहिली की ती पलीकडच्या दुकानात गेलीच म्हणून समजा, आणि मग त्याच गाण्यावर दुसऱ्याचं नाव. एकदा पोळलेला माणूस होता तो. त्यात त्याला चुकीचं काही वाटलं नाही, आणि त्या दिवशी कोणालाच वाटलं नसतं.

गाणं असं चाललं की काय सांगू! ट्रकमधून चाललं, उसाच्या ट्रॅक्टरवर चाललं, लग्नाच्या बँडवाल्यांनी उचललं. लहान पोरंसुद्धा गाता गाता मधीच "थांबा मंडळी!" म्हणायची. झुंबरबाई बाजारात आली की बाया तिला कोपरानं ढोसायच्या. ती हसायची. ते शेवटचं कडवं जाहिरातीखाली गेलंय हे तिला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "असू दे, तुझ्या पोटाचा सवाल हाय." अंगदला वाटलं, मावशी समजून घेणारी आहे. पुढं कधीतरी कोरं गाणं परत म्हणून घेऊ, असंही त्याला वाटलं. तो 'कधीतरी' काही उजाडला नाही.

मग इंटरनेटचे फोन आले. म्हणजे आधीही होते, पण आता ते स्वतःच गाणी सांगायला लागले. ड्रायव्हर यायचे ते चार्जरची वायर मागायला. "नवीन काही देऊ का?" अंगद विचारायचा. "कशाला भाऊ, हा देतोय की एकामागून एक," असं म्हणून ते फोन दाखवायचे. अंगदला राग यायचा. अरे, त्या डबड्याला काय कळतं तुझे डोळे तांबारलेत का ते? पण खरं सांगायचं तर कळत होतं. गाणी बराबर लागत होती. रागाचं खरं कारण तेच होतं.

झुंबरबाईला अर्धांगवायू झाला. तोंड वाकडं झालं, आवाज गेला तो गेलाच. वर्षभर अंथरुणावर काढून ती गेली. दहावा उरकल्यावर वंदना फाट्यावर आली. अंगद तिला पहिल्यांदाच बघत होता. आईसारखीच उंच, आईसारखीच बोलायला कंजूस.

"दादा, आई म्हणायची माझं नाव हाय गाण्यात. मी समदं गाणं ऐकलंय, दहादा ऐकलंय. माझं नाव कुठंच न्हाई. ती म्हणायची, जाहिरातीखाली गेलं. मला वाटायचं, मन राखायला थापा मारती. भांडले मी तिच्याशी त्याच्यावरून. मंग तर तिला बोलताच येईना." तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "खरंच व्हतं का?"

"होतं, ताई. माझ्यासमोर म्हणली ती."

"मंग ऐकवा."

 "थोडा टाइम दे," तो म्हणाला, "काढतो मी."

कुठून काढणार होता, देव जाणे. जुना कॉम्प्युटर भंगारात गेलेला. ट्रकवाल्यांकडची कार्डं सगळी त्याच्याच आवाजाची. पण नशिबानं म्हणा की थट्टेनं, त्याच आठवड्यात मूलचंद शेठच्या नातवाचा फोन आला. हा अंकित. पुण्यात शिकून आलेला, आता कंपनीची जाहिरात तोच बघतो. "अंगदकाका, लहानपणी दादाजींच्या गाडीत ऐकलेलं ते कापसाचं गाणं आहे का हो तुमच्याकडं? आम्हाला पाहिजे. आमच्याकडं मशीन आहे, तुमचा आवाज वेगळा काढून टाकेल, खाली बाईंचा आवाज मोकळा होईल."

अंगद त्या दिवशी जेवायला विसरला. एका ओळखीच्या ड्रायव्हरकडून जुनं कार्ड मिळवलं, ते रुमालात बांधलं, वंदनाला फोन केला, "ताई, झालं काम समज, दिवाळीत ये ऐकायला," आणि अंबडमार्गे एसटीनं जालना गाठलं.

अंकितचं ऑफिस थंडगार. मूलचंद शेठ भिंतीवर हार घालून बसलेले. अंकितनं पाणी दिलं, चहा दिला, पायाही पडला. पोरगा वाईट नव्हता हो, तिथंच तर पंचाईत आहे. कोणावर ओरडावं तेच कळत नाही. काम चालू असताना त्यानं अंगदला समजावलं, "काका, दादाजी म्हणायचे ना, माणूस जिथं मन लावून ऐकतो तिथं जाहिरात पाहिजे? आता ते फोनच सांगतो आम्हाला. कोणत्या तालुक्यात कोण कोणतं गाणं पुन्हा पुन्हा लावतं, मधी कुठं सोडतं, सगळं. त्या माणसाला तिथंच आमची जाहिरात. दुकानाची गरज नाही पडत." असं तो अगदी आदरानं म्हणाला.

मग मशीननं काम केलं. पडद्यावर दोन आवाजांचे दोन पट्टे आले. अंकितनं अंगदचा पट्टा बंद केला आणि गाणं लावलं. काळ्या रानामंदी बाई, पांढरं चांदणं. दुसरं कडवं. तिसरं. अंगद खुर्चीच्या कडेला सरकला. शेवटचं कडवं आलं आणि एकदम काहीच आलं नाही. नुसती शांतता. मग थोड्या वेळानं झुंबरबाईचं धृपद.

"परत लाव," अंगद म्हणाला.

परत तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"काका, इथं खाली काही नाहीच. मशीन काढणार कुठून?"

तेव्हा अंगदला आठवलं. खालचा आवाज बंद करणारं बोट त्याचंच होतं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आपण झुंबरबाईच्या कडव्यावर बसलोय, उठलं की ती खालून निघेल. तिथं कोणी नव्हतंच. त्यानं तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेर बघत बसला.

"टेन्शन घेऊ नका," अंकित म्हणाला, "आम्हाला चाल मिळाली ना, बास. एक कडवं कमी झालं तर काय होतं? नवीन पोरगी गाईल."

आणि नवीन पोरीनं गायलं. गोड गायलं, उगाच नावं कशाला ठेवा. दिवाळीच्या आधी ते गाणं ज्याच्या त्याच्या फोनवर आपोआप यायला लागलं, आणि गाण्याआधी अंकितच्या बियाण्यांची जाहिरात. एक ड्रायव्हर दुकानात वायर घ्यायला आला, त्याच्या फोनवर तेच चालू होतं.

"हे आमच्या झुंबरबाईचं गाणं," अंगद म्हणाला.

"कोण झुंबरबाई?" ड्रायव्हरनं विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आधी तो वायर घेऊन गेला.

वंदना आली ती त्यानंतर. ठरल्याप्रमाणे आली बिचारी, अंगदनं तिला येऊ नको म्हणून सांगायचं धाडसच केलं नव्हतं. त्यानं सगळं सांगितलं. खाली आवाज नाही, मशीन हरलं, चूक आपली. ती रडली नाही, चिडलीही नाही. आई बसली होती त्याच स्टुलावर बसली.

"जाऊ द्या दादा. आवाज नसंना. तुमच्यासमोर म्हणली न्हवं ती? तुम्हीच सांगा मंग. काय म्हणली आई माझ्याबद्दल?"

अंगदनं डोळे मिटले. शटर अर्धं ओढलेलं त्याला दिसलं. बंद पंखा दिसला, छताकडं बघणारी मावशी दिसली. तिनं तोंड उघडलेलंही दिसलं. साऱ्या जगात ते कडवं ऐकलेला आता तो एकटाच माणूस उरला होता. त्यानं जीव एकवटून कान दिला.

ओठ हलले त्याचे. वंदना पुढं वाकली.

"थांबा मंडळी," एवढंच त्याच्या तोंडातून आलं, आणि मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

वंदनानं पिशवी उचलली. मग पदर सावरून उठली आणि बदनापूरची गाडी चुकायला नको म्हणून निघून गेली.